गटाराची शिकवणी

“माझ्या हाताखालून न सुधारता गेलेला विद्यार्थी अजून जन्माला यायचाय!” धात्रक सर म्हणाले. “आणि हे तर साधं पाणी आहे!”

मल्हारी धात्रक सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. पण निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते सातपूरच्या आपल्या त्याच शाळेत यायचे, मागच्या परसबागेत खुरपं चालवायचे आणि हाती लागेल त्या मुलाला काहीतरी शिकवूनच सोडायचे. गोष्ट तेव्हाची, जेव्हा मिस्ड कॉल देणं ही निम्म्या सातपूरची बोलीभाषा होती.

परसबाग म्हणजे सरांचा जीव! वांगी, मेथी, दुधी, सगळं मुलांनी लावलेलं आणि मुलांच्याच दुपारच्या खिचडीत जाणारं. पण शाळेच्या वरच्या अंगाला प्लेटिंगच्या कारखान्यांची गल्ली. तिथे लोखंडी नटबोल्टांना जस्ताचा, निकेलचा नाहीतर क्रोमचा चकचकीत मुलामा चढायचा. पाऊस आला की पाणी त्या गल्लीतले पत्रे, अंगणं, सांडलेलं-लवंडलेलं सगळं धुऊन घ्यायचं आणि उताराने थेट बागेत! मागच्या पावसाळ्यात वांग्याची झाडं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. सरांचा जुना विद्यार्थी किशोर एका प्रयोगशाळेत होता. त्याने माती आणि पाणी तपासलं नि म्हणाला, “सर, ही वांगी खाण्यापेक्षा सरळ नटबोल्ट चावलेले बरे!”

मुख्याध्यापिका ललिता मॅडमनी त्याच दिवशी वांग्यांची पातेल्याकडे जाणारी वाट बंद केली. “पाणी असंच येणार असेल तर बाग ठेवून काय करू, सर? फरशी टाकते आणि सायकल स्टँड करते.”

म्हणून तर सरांनी शाळेच्या व्हरांड्यात ती गर्जना केली होती!

“पाण्याला सुधारणार म्हणजे काय, कान धरून बाकावर उभं करणार?” कोंडाजीशेठने विचारलं. गल्लीतला सगळ्यात मोठा कारखाना त्यांचा. शाळेच्या समितीवरही तेच. “सर, आमच्या पाण्यात काय नाय. पाऊस वरून पडतो, खाली जातो. आम्ही मधी येतच नाही!”

“कोळशाने सुधारणार!” सर म्हणाले. “द्राक्षाच्या काड्यांचा कोळसा करायचा, पिंपात भरायचा आणि पाणी त्यातून सोडायचं. परदेशात याला बायोचार म्हणतात.”

“आणि आपल्याकडं?”

“आपल्याकडे कोळसाच म्हणतात.”

कोंडाजीशेठ पोट धरून हसले. मग पैज लागली. पोळ्यापर्यंत मुदत. किशोर पाणी तपासणार. पाणी पास झालं तर बाग राहणार आणि गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात कोंडाजीशेठ स्वखर्चाने अशी पिंपं बसवणार. पाणी नापास झालं तर बागेवर फरशी, आणि सरांनी पुन्हा गल्लीच्या पाण्याचं नाव काढायचं नाही!

एप्रिलमध्ये मखमलाबादला सरांच्या मेव्हण्याच्या मळ्यात द्राक्षाची छाटणी झाली आणि काड्यांनी भरलेला टेम्पो सरांच्या दारात उभा राहिला.

“माझ्या भावाकडून आजवर एक घड हक्काने आणला नाहीत,” वत्सलाबाई म्हणाल्या, “आणलंत ते सरपण!”

“सरपण नाही, शैक्षणिक साहित्य आहे.”

“मुलांना शिकवून झालं, आता गटाराची शिकवणी घ्या!”

सुट्टीतही वीसेक मुलं जमली. सरांनी झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये काड्या कोंबल्या आणि ड्रमच्या भोवती जाळ केला. “हवा मिळाली तर काडी जळून राख होते. हवा तोडली तर ती फक्त करपते. त्या करपण्यालाच कोळसा म्हणायचं!” एवढं बोलून सरांनी आत काय चाललंय ते दाखवायला झाकण जरासं उचललं. धुराचा असा लोट आला की वसाहतीतल्या तीन मजली इमारती दिसेनाशा झाल्या! गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काळ्या झाल्या. कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या लंकाबाईंनी समोरून येणाऱ्या काळ्याठिक्कर माणसाला पाहून झाडू उगारला, आणि त्याने “अहो, मी धात्रक!” म्हटल्यावर डोक्यावर पदर घेतला.

पण कोळसा मात्र झाला, आणि झकास झाला. मुलांनी तो कुटला, धुतला, वाळवला.

शाळेच्या कुंपणाबाहेर, जिथे गल्लीचं गटार वळसा घेतं तिथे, तीन पिंपं उतरत्या पायऱ्यांसारखी मांडली. पहिल्यात खडी, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात कोळसा. तिसऱ्याच्या नळीखाली विटांचं छोटं कुंड, आणि धार पडून कुंडाचा तळ उखडू नये म्हणून नळीच्या बरोबर खाली एक गोल काळा दगड. कुंडातून पाणी बागेत जायचं, पण त्या वाटेला सरांनी बूच मारून ठेवलं होतं. पाणी पास होईपर्यंत बागेत एक थेंब नाही! तोवर कुंड भरलं की ते पुन्हा गटारात सांडायचं.

“सर, कोळशात धातू अडकतो कसा?” उज्वलाने विचारलं. ही सातवीतली पोर प्रश्न विचारताना एक भुवई वर करायची, आणि ती भुवई वर गेली की सरही सावरून उभे राहायचे.

“कोळशाचा खडा म्हणजे पंचवटीतली धर्मशाळा समज. आत हजारो खोल्या! पाणी दारावरून पुढे जातं. त्याच्याबरोबर आलेला निकेल म्हणतो, वा, खोली रिकामी आहे! आणि मुक्कामच ठोकतो.”

“आणि सगळ्या खोल्या भरल्या की?”

“मग कोळसा बदलायचा. जुना कोळसा किशोरदादा नेईल, विषारी कचऱ्याच्या जागी टाकायला. तो आपण कुठेही फेकायचा नाही.”

पाऊस सुरू झाला. वरून पहिल्या पिंपात यायचं ते हिरवट, तवंग आलेलं पाणी. खालच्या नळीतून पडायची ती काचेसारखी धार! सर त्या धारेकडे असे बघायचे, जसा बाप पहिला नंबर आलेल्या लेकीकडे बघतो.

आणि तेवढ्यात संकट आलं. ते ना आकाशातून आलं, ना कारखान्यातून. ते आलं माणसाच्या तोंडातून!

तो कोपरा म्हणजे शिफ्ट सुटल्यावर बस गाठायला जाणाऱ्यांचा रस्ता. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे थुंकत आलेले. आता आयतं विटांचं कुंड मिळालं! पहिल्या दिवशी गुटख्याची पिचकारी, दुसऱ्या दिवशी चहाचे कप, तिसऱ्या दिवशी तर एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून... जाऊ द्या. सरांनी पाटी लावली, ‘येथे थुंकू नये.’ लोक पाटीवर थुंकले. सरांनी दुसरी पाटी लावली, ‘आपण सुशिक्षित आहात.’ तिच्यावर जास्त थुंकले! शेवटी सर स्वतः छत्री घेऊन पहाऱ्याला उभे राहिले.

“अहो, कुठे थुंकता? ही प्रयोगशाळा आहे!”

“सर,” भिकन नावाचा एक फिटर अगदी नम्रपणे म्हणाला, “माझे वडीलपण इथंच थुंकायचे.”

वडिलांच्या आठवणीपुढे सरांनी छत्री मिटली.

सर रात्रभर तळमळले. पहाटे उठले. वत्सलाबाई आंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी देवघरातली शेंदराची डबी उचलली, वाटीत तेल घेतलं आणि मांजराच्या पावलाने बाहेर पडले. ज्यांनी जन्मभर वर्गात सांगितलं की दगडात देव नसतो, खनिजं असतात, त्याच धात्रक सरांनी इकडेतिकडे बघितलं, खाली वाकले आणि त्या गोल दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासला! वर दोन डोळेही काढले. चित्रकलेत सर पहिल्यापासून कच्चे, त्यामुळे देव जरा तिरळा झाला.

“हा प्रयोगाचा भाग आहे,” त्यांनी स्वतःलाच बजावलं.

सकाळच्या शिफ्टला भिकन आला. गाल फुगलेला, मान वाकडी, नेम धरलेला... आणि दगड दिसला! बिचाऱ्याने डोळे मिटले आणि तोंडातला सगळा ऐवज गिळला. वर कानाच्या पाळीला हात लावून नमस्कार केला. कुंपणाआड लपलेल्या सरांना हसू आवरेना. एका डबीत कोपरा स्वच्छ!

पहिल्या शनिवारी दगडावर झेंडूचं एक फूल दिसलं. सर म्हणाले, असू दे. दुसऱ्या शनिवारी तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ. सर म्हणाले, हरकत नाही, कोळशाला कुठे लागतंय! तिसऱ्या शनिवारपासून श्रावण लागला आणि रांग लागली! नव्या भक्ताने जुन्या शेंदरावर नवा शेंदूर चढवायचा, असा नियमच झाला. दगड बाळसं धरलेल्या बाळासारखा फुगत चालला. भिकनला ओव्हरटाइम मिळाला, त्याने घंटा बांधली. कोंडाजीशेठ जाता जाता सहज हात जोडून गेले आणि त्यांना मालेगावची मोठी ऑर्डर मिळाली. त्यांनी दगडावर पत्र्याचं छप्पर घातलं आणि कुंडाला पांढऱ्या फरशा लावून दिल्या.

एका शनिवारी वत्सलाबाई घरी आल्या आणि सरांच्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

“हे कुठलं?”

“कोपऱ्यावरच्या देवाचं. तिरळा आहे, पण नजर कुणावरून हलत नाही म्हणतात. तुम्ही नास्तिक, तुम्हाला काय कळणार! आणि हो, माझी शेंदराची डबी बघितलीत का कुठे?”

सरांनी खोबऱ्याचा बकाणा भरला.

पोळा तोंडावर आला. किशोरने येऊन दोन बाटल्या भरून नेल्या, एक गटारातली आणि एक कुंडातली. निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दरबार भरला. ललिता मॅडम, कोंडाजीशेठ आणि जमिनीवर मांडी घालून सगळी सातवी.

किशोर उभा राहिला. “निकेल जवळजवळ गेलं!”

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“जस्त गेलं! क्रोम गेलं!”

मुलं नाचायला लागली. सरांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

“पण...” किशोरने चष्मा काढून पुसला, “शिसं वाढलंय, सर.”

“वाढलंय? किती?”

“गटारात शिसं नव्हतंच. तुमच्या स्वच्छ पाण्यात बख्खळ आहे. असला आकडा मी बॅटरीच्या कारखान्याबाहेर पाहिला होता.”

कोंडाजीशेठ खुर्चीतून असे उठले, जसा निवडून आलेला उमेदवार उठतो. “बघा! आमच्या गल्लीत शिसं कुणी वापरत नाय. आमचं पाणी चांगलं होतं, सरांनी बिघडवलं! विद्यार्थी नाय, मास्तरच नापास!”

“सर, मला वाईट वाटतंय,” ललिता मॅडम म्हणाल्या, “पण पोरांच्या जेवणाचा प्रश्न आहे. फरशीवाल्याला मी उद्याच बोलावते.”

सर गोंधळून गेले. द्राक्षाच्या काडीत शिसं? वाळूत शिसं? आणि मग उज्वलाची भुवई वर गेली.

“सर, तुम्हीच शिकवलंय ना? जे आत गेलं नाही ते बाहेर आलं, तर ते मधेच कुणीतरी टाकलेलं असतं.”

“हो... बरोबर.”

“मग कोळशानंतर मधे काय आहे?”

सरांच्या डोळ्यांपुढे स्वतःचाच वर्ग उभा राहिला. फळ्यावर स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं वाक्य: शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड! वर्षानुवर्षं हे वाक्य त्यांनी मुलांकडून घोकून घेतलं होतं. धर्मशाळेने आलेला प्रत्येक पाहुणा ठेवून घेतला होता, आणि शिसं मात्र धर्मशाळेबाहेरच्या पायरीवर, सरांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं!

बोलावं तर गावभर हसं. देव बनवणारा विज्ञान मास्तर! न बोलावं तर बाग गेली. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाण्याबाहेर काढलेला मासाही इतका विचार करत नसेल.

तेवढ्यात त्यांची नजर कुंपणाबाहेर गेली. पत्र्याच्या छपराखाली लंकाबाई वाकल्या होत्या आणि दगडावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली त्यांनी तांब्या धरला होता!

सर धावले. या वयात, धोतर सांभाळत, दोन पायऱ्या एकदम उतरून! मागे किशोर, त्याच्या मागे सगळी सातवी.

“लंकाबाई! काय करता?”

“तीर्थ नेते सर, नातवाला. चार दिस झाले, अंगात कणकण हाय त्याच्या. लय जागृत देव हाय ह्यो. आज पहिल्यांदाच मिळालं, रोज रांगच लय.”

सरांनी तांब्या हिसकावला आणि गटारात उपडा केला. रांगेतल्या बायकांनी एकच गिल्ला केला.

“ते विष आहे! शेंदरात शिसं असतं! नातवाला डॉक्टरकडे न्या, आत्ताच्या आत्ता!”

“देवाच्या पाण्याला विष म्हणता? जीभ झडंल!”

“अहो, देव कसला?” सर ओरडले. “तो माझा दगड आहे! मीच आणला, मीच ठेवला, आणि लोकांनी थुंकू नये म्हणून मीच पहाटे शेंदूर फासला! डोळेसुद्धा मीच काढलेत! म्हणून तर तिरळे आहेत!”

आता मात्र खरोखर सगळं थांबलं. घंटेचा लोलकसुद्धा हलायचा थांबला. सरांनी मान खाली घातली आणि पहिला दगड कोण फेकतो, याची वाट बघत उभे राहिले.

लंकाबाईंनी गालावर बोट ठेवलं. “म्हणजे... तुम्ही? तुम्ही लावला शेंदूर?”

“हो.”

“तुम्ही, जे गणपतीच्या वर्गणीला पावती मागून भांडता, ते?”

“हो!”

“बघा गं बायांनो!” लंकाबाईंनी हात जोडले. “असल्या नास्तिक माणसाला पहाटं उठवून देवानं आपला शेंदूर लावून घेतला! आणखी काय साक्षात्कार पाह्यजे?”

“बोला, बजरंगबली की...” भिकनने घंटा बडवली आणि जयजयकारात सरांचं उरलेलं विज्ञान वाहून गेलं. गर्दीत मागे वत्सलाबाई उभ्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “म्हणजे माझ्या डबीतला! मग येणारच की देव!”

वाचवलं ते उज्वलानेच. गोंगाट चालू असताना तिने बाटली दगडाखाली न धरता वर, थेट नळीला लावली. “सर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? दगड वगळला. किशोरदादा, आता तपासा.”

दोन दिवसांनी किशोरचा फोन आला. मिस्ड कॉल नव्हे, चांगला खर्चाचा फोन! नळीच्या पाण्यात शिशाचा पत्ता नव्हता. पाणी पास!

पण दगडाचं काय? सरांनी तो हलवायचा शब्द काढला तर लंकाबाई झाडू घेऊन उभ्या राहत. तेव्हा तोड निघाली ती भलतीकडूनच. कोंडाजीशेठ शनिवारी दर्शनाला आले आणि बराच वेळ गटाराकडे बघत राहिले.

“लंकाबाई,” ते गंभीरपणे म्हणाले, “देवाला हितं ठेवणं बरं नाय. दोन पावलांवर आमच्या गल्लीचं पाणी. त्यात निकेल हाय, क्रोम हाय, काय काय हाय. देवाच्या अंगावर उडलं तर? देवाला चालणार नाय ते.”

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “शेठ, पोरांच्या पोटाला चालत होतं?”

कोंडाजीशेठनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताशाच्या गजरात देव रस्त्यापलीकडच्या उंबराखाली गेला. तिथे ओटा शेठचा, आणि ‘तीर्थ पिऊ नये’ ही पाटी सरांची. ती मात्र लोकांनी मानली, कारण लंकाबाईंनी सगळ्यांना दटावून सांगितलं होतं की देवानेच सरांकडून तशी पाटी लिहून घेतलीय. त्यांचा नातूही डॉक्टरच्या गोळ्यांनी बरा झाला होता. त्याचं श्रेय अर्थातच देवाला गेलं. कुंडातला शेंदरी गाळ किशोरने खरवडून, पोत्यात भरून नेला. आणि आठवड्याभरात गल्लीत प्रत्येक दारापुढे तीन-तीन पिंपं उभी राहिली! सरांनी बागेचं बूच काढलं तेव्हा ललिता मॅडमनी स्वतः वांग्याची रोपं लावली. “पण आधी किशोरकडून वांगं तपासून घेणार हं,” त्या म्हणाल्या. सर म्हणाले, “शाब्बास!”

सगळं छान झालं. फक्त सोमवारी सकाळी सर कोपऱ्यावर गेले, तेव्हा स्वच्छ धुतलेल्या कुंडात, नळीखालच्या नव्या दगडाशेजारी पांढऱ्या फरशीवर, गुटख्याची ताजी लालभडक पिचकारी होती!

गुरुवारी वत्सलाबाईंनी विचारलं, “कुंड्यांना लावायचा गेरू कुठे गेला हो?”

सर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

“हात पुढे करा.”

सरांनी हात पुढे केले. बोटं तांबडी.

“गेरू आहे,” सर पुटपुटले. “नुसतं लोखंड. शिसं अजिबात नाही. किशोरकडून तपासून घेतलंय.”

वत्सलाबाईंनी त्यांच्या हातावर साबण ठेवला. शनिवारी मात्र त्या तेलाची वाटी घेऊन निघाल्या.

“अहो, कुठे?” सरांनी धास्तावून विचारलं.

“नव्या देवाला,” वत्सलाबाई चपला घालत म्हणाल्या. “जुन्याकडे आता फार गर्दी असते.”